नोकरी लागली, पुढे काय?

वाचक विचारतात

मागे राहिलेल्या माणसांना कामाला लावणाऱ्या संस्थांकडून आलेल्या पत्रांतली सात या वेळी निवडली आहेत. पत्रं मोठी होती, प्रश्नापुरता भाग ठेवला आहे. उत्तरांतले हिशेब नमुन्याचे आहेत. स्वतःच्या संस्थेचे आकडे घालून ते पुन्हा मांडावेत.

प्रश्न : एका मोठ्या देणगीमुळे गेल्या वर्षी आमची नोंदणी तिप्पट झाली. कार्यकर्ते चारांचे सात केले. अहवालात ७० टक्के प्लेसमेंट दिसते, पण सहा महिन्यांनी फोन केला तर निम्मी माणसं कामावर नसतात. आधी असं नव्हतं. चुकतंय कुठे?
— एका संस्थेच्या सचिव

नोंदणी तिप्पट आणि कार्यकर्ते पावणेदोनपट, इथेच निम्मं उत्तर आलं. उरलेलं निम्मं त्या ७० टक्क्यांत दडलेलं आहे.

आधी टक्क्यांचं पाहू. समजा १०० जणांनी नाव नोंदवलं. ७८ जण प्रशिक्षणाला आले, ६० जणांनी ते पुरं केलं. ४२ जणांच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं, प्रत्यक्ष रुजू झाले ३३ आणि सहा महिन्यांनंतर कामावर आहेत १९. आता ४२ ला ६० ने भागलं की ७० टक्के येतात, आणि १९ ला १०० ने भागलं की १९ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत. फरक भागाकार कशाला कशाने केला एवढाच. देणगीदाराला कुठला दाखवायचा ते तुम्ही ठरवा, पण विश्वस्तांच्या बैठकीत सहाच्या सहा आकडे एकाखाली एक मांडले गेलेच पाहिजेत. गळती नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते तेव्हाच दिसतं. ४२ मधले ९ जण पत्र हातात असून रुजू झाले नाहीत, हे दुखणं प्रशिक्षणाचं नाही. तिथे कामाची जागा, वेळ किंवा कागदपत्रं आडवी आलेली असतात.

आता कार्यकर्त्याचे तास मोजा. एक कार्यकर्ता महिन्याला ३ माणसं कामाला लावतो आणि प्रत्येकाचा सहा महिने पाठपुरावा करतो असं धरू. पहिल्या महिन्यातल्या माणसाला जाण्यायेण्यासह ६ तास लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दरमहा २ तास, पुढे दरमहा १ तास. सहा महिन्यांनी त्याच्याकडे पाठपुराव्यातली १८ माणसं साचलेली असतात. त्यांचे तास : ३ गुणिले ६, अधिक ६ गुणिले २, अधिक ९ गुणिले १, म्हणजे ३९. शिवाय काम शोधणारे १२ जण, प्रत्येकी ६ तासांप्रमाणे ७२. मालकांच्या भेटीगाठी ३० तास, नोंदी आणि बैठका २० तास. बेरीज १६१. महिना इथेच संपला.

याच माणसाला महिन्याला ३ ऐवजी ५ जणांचं उद्दिष्ट दिलं तर बेरीज २३५ तासांवर जाते. तेवढे तास नसतातच, मग काहीतरी सुटतं. नोंदणी बाहेरचे लोक मोजतात, प्लेसमेंट देणगीदार मोजतो, म्हणून सुटतो तो पाठपुरावा. आणि हा भार हळूहळू साचतो. वाढ केल्यावर पहिले चार महिने सगळं झकास चाललेलं दिसतं, पाचव्या-सहाव्या महिन्यात गाडं रुततं. तोपर्यंत नव्या वर्षाचं उद्दिष्ट आणखी वाढवून झालेलं असतं.

म्हणून आधी पाठपुराव्याची माणसं घ्या, नोंदणी मागाहून वाढवा. नवा कार्यकर्ता तयार व्हायला तीन-चार महिने जातात. त्या काळात त्याच्या नावावर पूर्ण उद्दिष्ट चढवू नका. एकाकडे काम शोधणारे आणि काम लागलेले मिळून तीसच्या वर गेले की नवी नावं थांबवा. गंभीर मानसिक आजार किंवा मोठं अपंगत्व असलेल्यांसाठी ही मर्यादा २० धरा.

पाठपुराव्याचं वेळापत्रकही हवं. 'अधूनमधून फोन करतो' याला पाठपुरावा म्हणत नाहीत. रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन, पहिल्या दिवशी काम सुटताना भेट, तिसऱ्या दिवशी फोन, पहिला महिनाभर दर आठवड्याला संपर्क, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी न चुकता बोलणं. हे दिवस उगाच निवडलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात माणूस जातो तो प्रवास, पाळीची वेळ, स्वच्छतागृह किंवा 'सांगितलेलं कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली' यामुळे. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात जातो तो पैशामुळे. महिन्याच्या ५ तारखेला रुजू झालेल्याला पगार पुढच्या १० तारखेला मिळणार असेल, तर रोजच्या रोज मजुरी घेणाऱ्या माणसाने मधले पस्तीस दिवस काय करायचं? तो खाडा करून एखादा दिवस जुन्या कामावर जातो, तीन खाडे झाले की नाव कापलं जातं, आणि आपल्या नोंदवहीत शेरा पडतो : 'इच्छा नाही.' यावर उपाय आहेत : पहिल्या महिन्याचा प्रवासखर्च आठवड्याच्या आठवड्याला द्या, मालकाकडून पंधराव्या दिवशी उचल मिळेल असं आधीच ठरवून घ्या, आणि पगारातून काय काय कापलं जाणार ते रुजू होण्याआधी कागदावर लिहून समजावा. हातात पडलेली रक्कम सांगितल्यापेक्षा कमी निघाली, तर आपली फसवणूक झाली असंच माणूस धरून चालतो.

एक शेवटचं. 'त्याच जागी टिकला' आणि 'कामात टिकला' हे रकाने वेगळे ठेवा. दुसरीकडे जास्त पगारावर गेलेला माणूस गळतीत मोजणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : निकालावर पैसे देणारा करार आम्हाला मिळतोय : नाव नोंदवल्यावर २० टक्के, नोकरी लागल्यावर ३०, सहा महिने टिकल्यावर ५०. रक्कम आमच्या आजवरच्या कुठल्याही देणगीपेक्षा मोठी आहे. घ्यावा का?
— खजिनदार

आधी कागद-पेन्सिल घ्या. एका माणसामागचा पूर्ण खर्च १०० धरा : प्रशिक्षणाच्या तीन महिन्यांत दरमहा २०, चौथ्या महिन्यात काम शोधण्यासाठी १०, पुढचे सहा महिने पाठपुराव्याचे दरमहा ५. बिल लावल्यापासून पैसे यायला दोन महिने लागतात असं धरू. कागद तपासायला तेवढे जातातच. म्हणजे पहिले २० तिसऱ्या महिन्याअखेर येतील, ३० सहाव्या महिन्याअखेर आणि ५० बाराव्या. पाचव्या महिन्याअखेर ७५ खर्च झालेले असतात आणि आलेले असतात २०. या एका माणसामागे ५५ आपल्या खिशातले गेलेले आहेत.

दर महिन्याला २० जणांची नवी तुकडी सुरू होत असेल तर ही भोकं एकावर एक रचली जातात. वर्षभरात घडी बसल्यावर अडकलेली रक्कम ९,१०० भरते. महिन्याचा खर्च २,००० आहे, म्हणजे साडेचार महिन्यांचा पूर्ण खर्च कायमचा बाहेर. आणि हे सगळेच्या सगळे यशस्वी झाले तर! तुकडी ४० जणांची केलीत की अडकलेली रक्कमही दुप्पट. वाढणारी संस्था काम वाईट असल्यामुळे नाही, तर चांगलं आणि जास्त असल्यामुळे पगाराच्या दिवशी अडते, ते असं.

दुसरा फटका दराचा. निम्म्यांनाच नोकरी लागली आणि तिसराच हिस्सा सहा महिने टिकला, तर नोंदलेल्या माणसामागे मिळकत होते २० अधिक १५ अधिक साधारण १७, म्हणजे ५२. गळालेल्यांवरचा पुढचा खर्च वाचतो हे धरूनही खर्च ८० च्या आसपास राहतो. करारातला दर 'सगळे टिकतील' असं गृहीत धरून लिहिलेला असेल तर दर माणसामागे तोटाच विकत घेतलात. दर मागताना गेल्या दोन वर्षांची खरी टिकण्याची टक्केवारी पुढे ठेवा. ती नसेल तर करार लहान घ्या, एका तुकडीपुरता.

वाटाघाटीत मागायच्या गोष्टी अशा. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च आगाऊ मिळावा आणि शेवटच्या बिलांतून वळता व्हावा. शेवटचे ५० एकदम ठेवण्याऐवजी एक महिना, तीन महिने, सहा महिने असे तुकडे करावेत. बिल तपासण्याची मुदत करारात लिहिलेली असावी. आणि पुरावा म्हणून काय चालेल त्याची यादी सहीपूर्वी पक्की करा. केवळ मालकाचं पत्र चालेल असं असेल तर पाचातला एखादा तरी माणूस काम करत असूनही तुमच्या हिशेबात बेकार ठरणार, कारण लहान मालक पत्रं देत नाहीत. पगारचिठ्ठी, बँक खात्यात जमा झालेली रक्कम, हजेरीपटाची प्रत, यांपैकी कोणतंही एक चालावं. हे कागद घेण्याची उमेदवाराची लेखी संमती नोंदणीच्या दिवशीच घ्या. सहा महिन्यांनी फोन नंबर बदललेला असतो.

राखीव निधी म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा हा सर्वसाधारण सल्ला. असा करार घ्यायचा तर तीन महिने पुरत नाहीत, हे वरच्या साडेचारावरून दिसतंच. शिवाय राखीव म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. त्या शिलकेत एखाद्या देणगीदाराने ठरावीक कामासाठी दिलेले पैसे असतील तर त्यातून पगार भागवणं म्हणजे परक्याच्या ठेवीला हात लावणं. ताळेबंदात बांधील निधी आणि मोकळा निधी वेगळे दाखवा आणि दर महिन्याला विश्वस्तांना एकच आकडा सांगा : आज पैसे यायचे थांबले तर मोकळ्या निधीवर किती आठवडे निघतील. संस्थेचं वय आणि नाव इथे कामाला येत नाही. १९८४ पासून बेरोजगारांसाठी काम करणारी ब्रिटनमधली 'टुमॉरोज पीपल' ही संस्था २०१८ मध्ये पैशाअभावी बंद पडली.

तेव्हा करार घ्यावा का? अडकणाऱ्या रकमेची सोय लेखी असेल तर घ्या. 'कुठूनतरी जमेल' असं असेल तर नको.

प्रश्न : उद्दिष्ट गाठायच्या दडपणाखाली कार्यकर्ते आता शिकलेली, बोलकी मुलंच घेतात. व्यसनातून उठलेले, तुरुंगातून सुटलेले, मानसिक आजार असलेले 'अजून तयार नाहीत' म्हणून यादीत पडून राहतात. कार्यकर्त्यांना रागावून उपयोग होत नाही.
— संस्थापक विश्वस्त

रागावू नका, कारण दोष मोजपट्टीचा आहे. सगळ्या माणसांची किंमत सारखी धरली की हुशार कार्यकर्ता सोपी माणसं उचलणारच. ब्रिटनमध्ये २०११ साली बेरोजगारांसाठी सुरू झालेल्या 'वर्क प्रोग्रॅम' या सरकारी योजनेत कठीण गटांसाठी जास्त पैसे ठेवले होते, तरीही सोपे ते उचलायचे आणि कठीण ते बाजूला ठेवायचे हे घडलंच. गटाचं नाव आणि माणसाची अडचण यांची सांगड नेहमी बसत नाही. 'तुरुंगातून सुटलेला' या एकाच शिक्क्याखाली पदवीधर कारकूनही असतो आणि पंधराव्या वर्षापासून आत-बाहेर करणारा, अक्षरओळख नसलेलाही.

'अजून तयार नाहीत' हा शेरा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना आधी संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त अशा माणसांसाठी चालवलेल्या कामाच्या जागी, घाला, तयार करा, मग नोकरी, अशी जुनी रीत होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी १९९० च्या दशकात ती उलटी केली. काम करायची इच्छा ही एकच अट, लगेच खऱ्या नोकरीचा शोध, आणि आधार नोकरी लागल्यावर, गरज असेल तितके दिवस. 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' नावाच्या या पद्धतीची युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर चाचणी झाली आणि निकाल २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अठरा महिन्यांत निदान एक दिवस तरी खऱ्या नोकरीत काम केलेले ५५ टक्के निघाले, जुन्या रीतीने गेलेले २८ टक्के. 'एक दिवस' ही पट्टी फारच खाली आहे हे कबूल, पण दोन्ही बाजूंना तीच होती.

ही पद्धत आणायची तर दोन पथ्यं सोडता येत नाहीत. कार्यकर्त्याने रुग्णाच्या उपचार करणाऱ्या मंडळींबरोबर दर आठवड्याला बसायचं. चिठ्ठ्याचपाट्यांवर हे चालत नाही. आणि नोंदणीपासून ३० दिवसांच्या आत पहिल्या मालकाशी गाठ पडली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी पद्धतीचं नाव घेतात आणि आधी सहा महिन्यांचं 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर लावतात. मग निकाल जुनेच येतात.

तुमच्यापुरतं करण्यासारखं : नोंदणीच्या वेळी आठ-दहा साधे प्रश्न विचारून अडचणींची संख्या लिहा. राहायला पक्की जागा आहे का, कागदपत्रं आहेत का, गेल्या दोन वर्षांत किती महिने काम केलं, घरी सांभाळायला कोणी आहे का, औषधं चालू आहेत का, वाचता येतं का. तीन किंवा अधिक अडचणी असलेल्यांचं उद्दिष्ट वेगळं, आणि एकूण जागांपैकी ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी राखीव. ही मोजणी नाव घेतानाच, ज्याला त्या माणसाचं काम करायचं नाही अशा व्यक्तीने करावी. नाहीतर निकाल पाहून अडचणी मागाहून भरल्या जातात. आणि 'तयार नाही' हा शेरा तीस दिवसांवर टिकणार नाही असा नियम करा. तिसाव्या दिवशी कारणासह बैठकीत यायचा.

प्रश्न : बाहेर नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून स्वतःचंच उत्पादन केंद्र काढावं, असं आमच्यात बोलणं चालू आहे. शिवण आणि पॅकिंगची कामं मिळू शकतील.
— प्रकल्प समन्वयक

ही कल्पना फार जुनी आहे आणि जगलीही आहे. बोस्टनमधले धर्मोपदेशक एडगर हेल्म्स यांनी १९०२ मध्ये टाकाऊ कपडे-सामान गोळा करून गरिबांकडून दुरुस्त करवून विकायला सुरुवात केली. 'गुडविल' या संस्थेचा जन्म तो. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभं केलेलं आनंदवन कुष्ठरुग्णांच्या स्वतःच्या श्रमावर उभं राहिलं. तेव्हा प्रश्न 'करावं का' यापेक्षा 'कशासाठी' हा आहे. केंद्रातून माणूस पुढे जायचा आहे की तिथेच राहायचा आहे? दोन्ही चालतं, पण एकाच छपराखाली दोन्ही ठेवलं की दोन्ही बिघडतं.

बिघडतं कसं ते पाहा. केंद्राला ऑर्डर वेळेवर द्यायची असते. ती पुरी करणारे चार-पाच हात सगळ्यांत तरबेज असतात, आणि बाहेर नोकरी मिळण्यालायकही नेमके तेच. त्यांना बाहेर पाठवलं तर माल अडतो, म्हणून 'या हंगामापुरतं' थांबवलं जातं. दोन वर्षांत केंद्र मुरलेल्या कामगारांनी भरतं, नव्यांना जागा उरत नाही. यावर एकच औषध : रुजू होतानाच बाहेर पडायची तारीख लिहायची, सहा किंवा फार तर बारा महिन्यांची, आणि दर चार-पाच शिकाऊंमागे एक पगारी, कायमचा, कसबी माणूस ठेवायचा. ऑर्डरचा कणा तो कसबी माणूस असला पाहिजे. त्याचा पगार खर्चात धरून दर परवडत नसेल तर ते काम घेऊच नका.

हिशेब दोन ठेवा. एकात धंदा : कच्चा माल, कसबी माणसाचा पगार, वीज, वाहतूक, विक्री. दुसऱ्यात सामाजिक खर्च : शिकाऊंचा हळू वेग, वाया गेलेला माल, समुपदेशन, खाडे. पहिला तीन वर्षांत आपल्या पायावर आला पाहिजे. दुसरा देणगीतूनच भागणार आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन्ही एकत्र केले की धंद्यातला गाढवपणा 'समाजकार्य' या नावाखाली खपतो.

गिऱ्हाइकांचाही तोल पाहा. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समधली, १९८२ मध्ये सुरू झालेली 'ग्रेस्टन' बेकरी पूर्वेतिहास न विचारता, नाव आलं त्या क्रमाने माणसं कामावर घेते आणि 'बेन अँड जेरीज' या आइस्क्रीम कंपनीला ब्राउनी पुरवते. मोठ्या गिऱ्हाइकामुळे अशी केंद्रं उभी राहतात हे खरं, पण नवख्या केंद्राने एकाच गिऱ्हाइकाकडून एकतृतीयांशापेक्षा जास्त काम येऊ लागलं की दुसरं शोधायला बाहेर पडावं. पॅकिंगच्या कामात तर हे आणखी खरं : ते काम यंत्राकडे जायला एक खरेदी पुरते.

कायमच्या संरक्षित कारखान्यांचं काय होतं ते ब्रिटनच्या 'रेम्प्लॉय'त दिसलं. अपंगांसाठी १९४४ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या या कंपनीचा पहिला कारखाना १९४६ मध्ये निघाला. पुढे ऐंशीच्या वर झाले. सरकारी मदतीवरचा भार वाढत गेला, त्याच पैशात साध्या नोकरीत अधिक अपंगांना आधार देता येईल असा युक्तिवाद झाला आणि २०१३ मध्ये उरलेले कारखानेही बंद झाले. युक्तिवादात तथ्य होतं. पण तिथून बाहेर पडलेल्या अनेकांना दुसरं काम लवकर मिळालं नाही, हेही खरं. बंद करायच्या आधी बाहेरचा आधार पक्का उभा करायला हवा.

मधला एक मार्ग न्यूयॉर्कच्या 'सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपर्च्युनिटीज' या संस्थेने चालवला आहे. तुरुंगातून सुटलेल्यांना लगेच तात्पुरत्या पगारी तुकड्यांत घ्यायचं, रोजच्या रोज पैसे द्यायचे आणि त्याच वेळी कायमची नोकरी शोधायची. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून झालेल्या तपासणीत दिसलं ते असं : नोकरीतला फायदा पहिल्या वर्षानंतर विरत गेला, मात्र नुकतेच सुटलेल्यांचं पुन्हा तुरुंगात जाणं कमी झालं. म्हणजे तात्पुरत्या कामाने माणूस सावरतो, पण पुढची नोकरी त्यातून आपोआप टिकत नाही.

प्रश्न : आम्ही एका कारखान्यात सहा जण पाठवले. आठवड्यात चार निघून गेले, एकाचं सुपरवायझरशी भांडण झालं. आता मॅनेजर फोन उचलत नाहीत.
— प्लेसमेंट अधिकारी

फोन सोडा, जाऊन भेटा, आणि पुढची माणसं घ्या म्हणायला जाऊ नका. काय बिघडलं ते त्यांच्या तोंडून ऐका, लिहून घ्या, उरलेल्या दोघांसाठी तुम्ही काय करणार ते सांगा आणि परत या. ते दोघे तीन महिने टिकले तर बोलणं पुन्हा सुरू होतं.

एकदम सहा पाठवायचे नव्हते. नव्या मालकाकडे एक, फार तर दोन. सहा जण एकत्र गेले की ते एकमेकांत राहतात, जुन्या कामगारांत मिसळत नाहीत आणि एक निघाला की सगळे निघतात. आणि कोणालाही पाठवण्याआधी कार्यकर्त्याने तिथे एक पूर्ण पाळी उभं राहून काम पाहावं : किती वजन, किती वेळा उचलायचं, सूचना कोण देतं, तोंडी की फळ्यावर, सुट्टी कधी आणि किती, आवाज किती, पाळी संपते तेव्हा घरी जायला वाहन असतं का, उशीर झाला तर काय करतात. मॅनेजरने सांगितलेलं काम आणि सुपरवायझर करून घेतो ते काम यांत फरक असतो, आणि माणूस टिकायचा की नाही हे सुपरवायझरच्या हातात असतं. त्याला पहिल्या दिवसाआधी भेटा, तुमचा नंबर द्या, 'गैरहजर राहिला तर काढायच्या आधी मला सांगा' एवढंच मागा.

उमेदवाराचा आजार किंवा पूर्वीची शिक्षा मालकाला सांगायची का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. सांगायचं की नाही, काय आणि कोणाला, हे उमेदवार ठरवतो, लेखी. त्याने 'नको' म्हटलं तर तुम्ही गप्प राहायचं. पण मालकाने थेट विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. 'ते त्यांनाच विचारा' हे उत्तर दोन्ही बाजूंनी निभावतं. जिथे कायद्यानेच माहिती देणं बंधनकारक आहे अशा जागेसाठी संमती नसलेला माणूस पाठवू नका.

प्रश्न : उमेदवारांकडून थोडी फी घ्यावी का? फुकटची किंमत राहत नाही.
— कार्यकर्ता

नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार खासगी रोजगार संस्थांनीही, मोजके अपवाद सोडता, कामगाराकडून शुल्क घेऊ नये असंच सांगतो. धर्मादाय संस्थेने त्याहून खाली का जावं? बांधिलकी हवी असेल तर वेळ मागा : पहिल्या आठवड्यात तीन ठरलेल्या भेटींना वेळेवर येणं. मालकाकडून शुल्क घ्यायला हरकत नाही, फक्त ते उमेदवाराच्या पगारातून वळतं होत नाही ना, ते पगारचिठ्ठीवर तपासा.

प्रश्न : दुसऱ्या शहरातलं केंद्र तीन वर्षांत उभं राहिलं नाही. विश्वस्तांनी बंद करायचं ठरवलंय. तिथे ६० जण यादीत आहेत. कसं करावं?
— कार्यकारी संचालक

बंद करण्याचा खर्च आधी बाजूला काढा : कर्मचाऱ्यांची नोटीस आणि थकीत देणी, जागेच्या कराराची उरलेली मुदत, आणि एका कार्यकर्त्याचा सहा महिन्यांचा पगार. हे पैसे असेपर्यंतच निर्णय घेतलेला बरा. 'आणखी एक तिमाही पाहू' म्हणत हे पैसेही खर्चून टाकणाऱ्या संस्थांना मग एका रात्रीत कुलूप लावावं लागतं.

पहिल्या दिवशी नवी नोंदणी थांबवा. त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना सांगा. त्यांच्या आधी देणगीदाराला कळलं तर बातमी फिरून त्यांच्यापर्यंत जाते आणि चांगले कार्यकर्ते त्याच आठवड्यात दुसरीकडे जातात. मग ६० जणांचे तीन भाग करा. जे कामावर आहेत त्यांचा पाठपुरावा तोच एक कार्यकर्ता सहा महिने करेल. ज्यांची मुलाखत किंवा नेमणूक येत्या महिन्या-दीड महिन्यात आहे त्यांची कामं आधी उरका. उरलेल्यांना दुसऱ्या संस्थेकडे द्यायचं, पण नुसती यादी देऊन नाही. प्रत्येकाला विचारायचं, संमती घ्यायची, आणि नवा व जुना कार्यकर्ता उमेदवारासमोर एकदा एकत्र बसले पाहिजेत. यादी मेलने पाठवली की तिथपर्यंत फार थोडे पोचतात.

देणगीदाराला बांधील निधीचा शिल्लक हिशेब द्या आणि रक्कम परत करायची की मुख्य केंद्रात वापरायची याची लेखी परवानगी घ्या. उमेदवारांच्या फायलींत आजार, गुन्हे, घरची भांडणं अशी माहिती असते. जागा रिकामी करताना त्या रद्दीत जातात असं घडतं. कायद्याने जेवढ्या ठेवायच्या तेवढ्या मुख्य कार्यालयात कुलपात, बाकी फाडून नष्ट, आणि हे कोणी कधी केलं त्याची नोंद. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि अनुभवाची पत्रं सगळ्यांना आताच छापून द्या, मागितली नसली तरी. केंद्राचा फोन नंबर वर्षभर मुख्य कार्यालयाकडे वळवून ठेवा. मालक चौकशीसाठी त्याच नंबरवर फोन करतात, आणि तो लागला नाही तर उमेदवाराच्या अर्जावरचा तीन वर्षांचा उल्लेख त्यांना खोटा वाटतो.